शिवलेली पाने : प्रस्तावना

मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांना लिहायला सुटा कागद मिळत नसे. मिळत त्या बांधलेल्या वह्या, आणि त्यांची पाने आधीच मोजलेली. शाई नाही, फक्त शिसपेन्सिली. पान फाटून चिठ्ठीच्या रूपाने बाहेर जाऊ नये, हा सरकारचा सरळ हेतू. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्याच वह्यांमध्ये, त्याच पेन्सिलींनी ‘गीतारहस्य’ लिहून झाले. १९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले, पण वह्या लगेच सुटल्या नाहीत. सरकारने त्या ठेवून घेतल्या. भोवतालची मंडळी हवालदिल झाली, तेव्हा टिळकांनी म्हणे सांगितले की वह्या गेल्या तरी मजकूर डोक्यात आहे, पुन्हा बसून लिहून काढीन. तशी वेळ आली नाही. वह्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला.

ही हकीकत टिळकांच्या स्मरणशक्तीसाठी आणि चिकाटीसाठी सांगितली जाते, आणि ते रास्तच आहे. माझी नजर मात्र त्या वहीवरच अडते. कैद्यावर पहारा ठेवायला सरकारने जी वस्तू निवडली, तीच लिहिणाऱ्याच्या कामी आली. पाने मोजलेली, म्हणून एकही गाळता येत नाही. शिवलेली, म्हणून क्रम बदलता येत नाही. आज लिहिलेले उद्या मागे सरकत नाही, परवाचे पुढे येत नाही. तुरुंगाधिकाऱ्याला आणि तत्त्वचिंतकाला एकाच वस्तूचा एकच गुण हवासा वाटावा, यात मला या पुस्तकाचा सगळा विषय दिसतो. वही उपयोगाची असते ती तिच्या शिवणीमुळे. कागदाचा वास, हाताचे वळण, शाईचा रंग या गोष्टी मला आवडत नाहीत असे नाही, पण त्या नंतर येतात.

हे आधीच सांगून टाकतो, कारण वहीकडे परत येण्याबद्दल हल्ली जे बोलले जाते त्याचा सूर वेगळा असतो. माझ्या ओळखीतली बरीच माणसे गेल्या काही वर्षांत परतली आहेत. दिवसभर स्क्रीनपुढे बसणारी एक मुलगी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आता शंभरपानी वही घेऊन जाते. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ संध्याकाळी गॅलरीत बसून लिहितात. काय लिहितात ते विचारायचे नाही, अशी घरात ताकीद आहे. विचारले की सगळे सांगतात, मन शांत होते, डोळ्यांना आराम पडतो. असेलही. पण मन शांत व्हायला तांदूळ निवडले तरी चालतात. मनःशांतीसाठी धरलेली वही महिनाभर टिकते. ज्यांची वही वर्षानुवर्षे टिकली, त्यांना तिची गरज होती, आणि ती गरज बहुधा मनःशांतीच्या उलटी होती: काहीतरी निसटत होते, ते पकडून ठेवायचे होते.

माझे वडील एका धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. वही म्हणजे काय हे मी त्यांच्या बैठकीशेजारी बसून शिकलो. पेढीच्या वह्या लांबट, लाल कापडाच्या बांधणीच्या, मधोमध दुमडून दोरीने बांधता येतील अशा. आतल्या कागदाला छापील रेघा नसत. पान घड्या घालून दाबलेले असे आणि त्या घड्यांच्या खुणांनीच रकाने पडत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसभर जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत, आणि मग सवडीने तिथून उचलून खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. कीर्द आधी, खतावणी मागाहून. हा क्रम उलटा करणारा दिवाणजी कामाचा नव्हे, असे वडील म्हणत. आधी जसे घडले तसे, वर्गवारी नंतर.

कीर्दीत खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा, शेजारी सही. मोठी चूक असेल तर तिला हात लावायचाच नाही, दुसऱ्या दिवशी उलट नोंद करायची. पानाच्या तळाशी जागा उरली तर तिथून तिरकी रेघ ओढून ती बंद करायची, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसवता येणार नाही. आणि संध्याकाळी शिल्लक पुढच्या पानावर ओढायची. दिवाळीत नव्या वह्या येत, पहिल्या पानावर ‘श्री’ घातला जाई, कुंकवाचे स्वस्तिक निघे, हळदकुंकू, फूल, पेढा. लहानपणी मला वाटे की लक्ष्मी म्हणजे तिजोरी. पण पूजा वहीची होई, तिजोरीला फक्त एक फूल मिळे.

दिवाणजींच्या या नियमांना पुढे कोर्टानेही मान दिलेला दिसतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातले ३४ वे कलम हिशेबाच्या वह्यांतल्या नोंदींविषयी होते. राजकीय नेत्यांना पैसे दिल्याच्या कथित नोंदींवरून उभे राहिलेले जैन हवाला प्रकरण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले तेव्हा एक प्रश्न असा निघाला की जप्त केलेल्या कागदांपैकी ‘वही’ कशाला म्हणायचे. न्यायालयाने स्पायरलच्या वह्या आणि पॅड यांना वही मानले, कारण त्यांची पाने एकत्र बांधलेली होती. फायलींत लावलेल्या सुट्या कागदांना मानले नाही. नुसत्या नोंदींच्या आधारावर कुणावर जबाबदारी लादता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. मला त्यातले एवढेच हवे आहे की काढून घेता येणारे पान आणि न येणारे पान यांत कायद्याला फरक दिसला.

गंमत अशी की संगणकालाही शेवटी हेच शिकवावे लागले. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडच्या कंपन्यांना हिशेबासाठी असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते की ज्यात प्रत्येक फेरफाराची तारखेनिशी नोंद राहील आणि ती नोंद ठेवणे बंद करता येणार नाही. माझे वडील असते तर म्हणाले असते, म्हणजे एक आडवी रेघ आणि शेजारी सही! प्रयोगशाळांमध्येही हीच शिस्त असते: बांधलेली वही, छापील पृष्ठांक, पेनाने लिहायचे, पान फाडायचे नाही, चुकीवर एक रेघ. ज्यांना ज्यांना खरे काय घडले हे नंतर कळणे गरजेचे होते, ते ते लोक स्वतंत्रपणे शिवलेल्या पानांपाशी येऊन पोहोचले.

तुमच्याआमच्या फोनमध्ये मात्र असा कायदा नाही. तिथली टिपणे बहुधा शेवटच्या रूपातच दिसतात. परवा काय वाटत होते आणि काल ते का बदलले, याचा मागमूस नाही. वाण्याची यादी, प्रवासाचा बेत, एखाद्या लेखाचे पहिले वाक्य, सगळे सदा ताजे, धुतलेले. हिशेबाला जे चालत नाही ते विचारांना कसे चालावे, हा माझा प्रश्न आहे.

शाळेतल्या वहीपासून हे समजते. मधोमध टाचण्या मारलेली वही आठवा. पुढचे एक पान टरकन फाडले की मागच्या अर्ध्यातले त्याचे जोडपान सुटे होऊन लोंबू लागते. बाई वही हातात घेत, पाठीवर धरून हलकेच झटकत, आणि मागून पान खाली पडले की पुढचे कुणीतरी फाडले आहे हे न बोलता सिद्ध होई. एका कागदाची दोन पाने असतात आणि ती वहीच्या दोन टोकांना राहतात, हे आम्हाला असे कळले. जूनमध्ये लिहिलेल्या धड्याचे जोडपान मार्चमधल्या प्रश्नोत्तरांपाशी. बाइंडरकडची जुजबंदीची वही याहून पक्की: आठ किंवा सोळा पानांच्या घड्या, प्रत्येक घडी पाठीतून दोऱ्याने शिवलेली, मग सगळ्या घड्या एकमेकींना गुंतवलेल्या, वरून खळ आणि कापडाची पट्टी. अशी वही कुठेही उघडली तरी सपाट पडते. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या वह्या हल्ली स्वस्त मिळतात. त्या सपाट पडत नाहीत, बळेच दाबल्या की पाठ मोडते आणि पाने हातात येतात. वही घेताना पाठ बघा, मुखपृष्ठ नको.

मे महिन्यात घरोघरी एक कारखाना चाले. वर्षभराच्या वह्यांतली उरलेली कोरी पाने काढायची, एकरेघी, दुरेघी, चौकटीची, फुलस्केप, असतील तशी. आकारात बसतील त्यांचा गठ्ठा करायचा, पुठ्ठा म्हणून जुन्या कॅलेंडरचा कागद, दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने टीप. ही पुढच्या वर्षाची कच्ची वही. तिच्यात गणितापाठोपाठ चौकटी येत, चौकटीनंतर एकदम इंग्रजीच्या चार रेघा, मध्येच भावाच्या अक्षरातली अर्धी कविता. पक्क्या वहीला खाकी कव्हर, नावाचे लेबल, समास आखलेला. कच्च्या वहीला यातले काही नाही. आम्ही जो काही विचार केला तो कच्च्या वहीत केला. पक्क्या वहीत उतरवून काढला. मोठेपणी वहीकडे परतणारी माणसे बहुतेक वेळा पक्क्या वहीकडे परततात, आणि तिथेच फसतात.

फसण्याची दुसरी जागा म्हणजे डायरी. पतपेढीची, विम्याची, औषध कंपनीची, वर्षअखेरीला घरात चारपाच येतातच. १ जानेवारीला पहिले पान भरगच्च. संक्रांतीपर्यंत उत्साह असतो. मग एक दिवस राहतो, मग तीन, आणि छापील तारखेची कोरी पाने हजेरीपटासारखी दिसायला लागतात. फेब्रुवारीपासून त्या डायरीत दुधाचा हिशेब सुरू होतो. (दुधाचा हिशेब मात्र डिसेंबरपर्यंत नीट चालतो, हे लक्षात घ्या.) तारखेची डायरी तुमच्याकडून रोजचे काहीतरी मागते. वही मागत नाही. मंगळवारनंतर थेट पुढच्या महिन्यातला शुक्रवार आला तरी मध्ये कोरे पान पडत नाही, एवढीच ओळ येते की आज अमुक तारीख. म्हणून मी डायरीचा पुरस्कार या पुस्तकात केलेला नाही. ज्यांना रोजनिशी साधते त्यांना नमस्कार. बाकीच्यांनी छापील तारखांपासून लांब राहावे.

आता शेजाराविषयी. शिवलेल्या पानांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण हाच. आमच्या घरी आईची एक वही होती. तिच्यात चकलीच्या भाजणीचे प्रमाण आहे: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धने, जिरे, सगळे वाटीच्या मापाने, आणि पानावर तेलाचा डाग. त्याच्या समोरच्या पानावर रेशनच्या साखरेचा हिशेब. पुढच्या पानावर एका अभंगाची तीन कडवी, चौथे आठवले नसावे म्हणून जागा सोडलेली. मग कुणाचे तरी औषध आणि ते केव्हा घ्यायचे. मग पुन्हा लाडू. ही पाने तिने कुठल्या विषयवारीने लावली नव्हती. आयुष्य ज्या क्रमाने आले त्या क्रमाने ती पडली. त्यामुळेच आज ती वाचता येते. औषधाच्या पानानंतर दोन पाने अक्षर बदललेले आहे, मोठे आणि घाईचे. त्या दिवाळीत चकल्या झाल्या की नाही, हे मला त्या वहीवरून सांगता येते. फोनमध्ये पाककृती एका ॲपमध्ये, औषध दुसऱ्यात, अभंग यूट्यूबवर आणि हिशेब बँकेकडे. सगळे सापडते, शोधले तर. शेजार कुठेच नाही.

आहेराची वही हाही असाच प्रकार. मांडवाच्या दाराशी टेबल टाकून घरातला एक विश्वासू माणूस बसवलेला, शेजारी पाकिटांची पिशवी. नाव, गाव, रुपये किंवा वस्तू: ५१, १०१, स्टीलचा डबा, ब्लाउजपीस. ही वही पुढे पंचवीस वर्षे कपाटात राही, आणि त्या घरचे कार्य निघाले की उघडून बघितली जाई. ज्यांनी ५१ दिले त्यांच्या मुलीला किती द्यायचे याचा एक अलिखित हिशेब असे, त्यात वर्षांचे व्याज धरलेले असे. नात्यांची खतावणीच ती. ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ पत्रिकेवर आली आणि ही वही गेली. गेली ते बरे झाले की वाईट, हे मी ठरवू शकलेलो नाही. या पुस्तकात मी तिच्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे, आणि तेही कुठल्याच बाजूचे नाही.

मराठी माणसाच्या वहीकडे परतण्याला आणखी एक अंग आहे, त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. फोनवर आपल्यापैकी कितीतरी जण मराठी लिहितात ते रोमन अक्षरांत. पुण्यातही लिहितात आणि न्यू जर्सीतही लिहितात. देवनागरी कीबोर्ड असतो, पण बोटांना सवय नसते. त्याच माणसाच्या हाती पेन द्या. तो मराठी वाक्य रोमन अक्षरांत लिहिणार नाही. हात आपोआप देवनागरीकडे वळतो. वर्षानुवर्षे न लिहिलेला ‘ळ’ आधी जरा वाकडा येतो, ‘ज्ञ’पाशी क्षणभर थांबावे लागते, आणि मग येते. शिरोरेघेची तर प्रत्येकाची आपली तऱ्हा असते: कुणी अक्षरागणिक देतो, कुणी शब्द पुरा झाला की एका फटक्यात, कुणी ओळ संपल्यावर सावकाश, आणि डॉक्टर मंडळी देतच नाहीत. परदेशातल्या एका मैत्रिणीने मला सांगितले की ती वहीत घरखर्च इंग्रजीत लिहिते आणि तक्रारी मराठीत. मला ही विभागणी फार योग्य वाटली.

हाताने लिहिलेले जास्त लक्षात राहते का? या प्रश्नावर शास्त्रीय अभ्यास झाले आहेत आणि ते हल्ली वर्तमानपत्रांत जाहिरातीसारखे वापरले जातात. २०१४ मध्ये म्यूलर आणि ओपेनहायमर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी दाखवले की लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत बसतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही. माझा कल असा की यातले एक कारण प्रयोगाविनाही पटण्याजोगे आहे: हात बोलण्याइतका वेगाने चालत नाही, म्हणून काय सोडायचे ते लिहितानाच ठरवावे लागते. पण ज्याला वही धरायला शास्त्राचा दाखला लागतो, तो ती पुढच्या शोधनिबंधापर्यंतच धरील.

रामानुजनच्या वह्यांकडे मात्र थोडे थांबून बघण्यासारखे आहे. कागद महाग, म्हणून हा तरुण पाटीवर गणिते करी, कोपराने पुसी, आणि शेवटी हाती आलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरवी. म्हणजे पाटी ही त्याची कच्ची वही आणि ती रोज नाहीशी होई. उरली ती पक्की. या वह्यांचे हुबेहूब छायाचित्रण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्यांतल्या हजारो निष्कर्षांपैकी बहुतेकांना सिद्धता जोडलेली नाही. ब्रूस बर्न्ट या अमेरिकी गणितज्ञाने त्या पुरवण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि समजावण्याचे काम अंगावर घेतले. त्याचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. रामानुजन त्या निष्कर्षांपर्यंत कसा पोहोचला हे पाटीबरोबर पुसले गेले ते गेलेच. आणि ज्याला त्याची ‘हरवलेली वही’ म्हणतात, जी १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात सापडली, ती मुळात वहीच नाही. ती सुट्या कागदांची चळत आहे. शिवलेली असती तर हरवली नसती, असे म्हणण्याचा मोह मी इथे आवरतो.

आपल्या वाङ्मयाचे कितीतरी धागे मात्र दुसऱ्याने धरलेल्या वहीला बांधलेले आहेत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, ही कथा सर्वांना पाठ. पण अभंग आपल्यापर्यंत आले ते संताजी तेली जगनाडे यांच्यासारख्यांनी उतरून ठेवलेल्या वह्यांतून, आणि त्या वह्या पुढे वि. ल. भाव्यांनी छापून काढल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शेतात, जात्यावर गात आणि मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसे ते लिहून ठेवत. १९५१ मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर आली. वही धरणारा आणि बोलणारा एकच असावा लागत नाही. आजी बोलते आहे आणि नात लिहिते आहे, असे घर आज असेल तर त्यांनी हे पुस्तक बाजूला ठेवून तेच आधी करावे.

वह्यांच्या बाजारपेठेवर मी फार लिहिलेले नाही. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, त्यातून कॅमलिन झाली. २०११ मध्ये तिचा ताबा जपानच्या कोकुयोकडे गेला. ही कोकुयो १९०५ मध्ये ओसाकात सुरू झाली ती हिशेबाच्या वह्यांची कव्हरे बनवायला. दिवाणजीच्या मुलाला या योगायोगाचे समाधान वाटणारच. बाकी चामडी पाठीच्या, रबरपट्टीच्या, हस्तिदंती कागदाच्या महागड्या वह्यांविषयी माझे मत वाईट आहे. त्या भेट येतात आणि कोऱ्या राहतात. अशा पानावर वाण्याची यादी लिहायला हात धजत नाही, आणि जी वही वाण्याची यादी घेत नाही ती पुढे दुसरेही काही घेत नाही. दोनशेपानी, एकरेघी, शिवलेली वही पुरते. पहिली दोन पाने कोरी सोडावीत, सगळ्या पानांना आकडे घालावेत, आणि वही भरत जाईल तशी त्या दोन पानांवर सूची करावी. कीर्द आधी, खतावणी मागाहून.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच खर्ची घातला आहे. अक्षर कसे वाटोळे, मोकळे, काळेभोर असावे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकसारखे असावे, समास कसा सोडावा, लेखणी-कागदाची निगा कशी राखावी, सगळे आहे. अवश्य वाचावा, पण निदान एक वही भरून झाल्यावर. तो समास ग्रंथ उतरून काढणाऱ्यासाठी आहे, पक्क्या वहीचा आहे. पहिल्याच दिवशी वाचला तर अक्षराकडेच लक्ष राहील.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडेसे. पहिला भाग पेढीच्या वह्यांचा आहे आणि तो सर्वांत लांबला आहे. वडिलांचा हात त्याला आहे असे समजून वाचकांनी सांभाळून घ्यावे. मधल्या भागात घरातल्या वह्या येतात: पाककृतींच्या, आहेराच्या, उधारीच्या, भजनी मंडळाच्या. शेवटचा भाग परतणाऱ्यांसाठी. वही शिवायची कशी हे तिथे चित्रांसह दिले आहे. ती कृती मला एका बाइंडरने त्यांच्या दुकानात स्टुलावर बसवून शिकवली. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून त्यांचे आभार बिननावाने.

प्रकाशकांची एक सूचना मात्र मी मानली नाही. शेवटी दहाबारा कोरी पाने घालावीत, वाचक तिथूनच लिहायला लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने हा प्रयोग दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत करून पाहिला. धड्यांनंतर ‘माझी नोंद’ अशी कोरी पाने घातली, दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून. मुले पुस्तके नेत राहिली आणि वह्याही नेत राहिली. २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा या पुस्तकात कोरी पाने नाहीत. प्रकाशकांनी त्या कागदाचे पैसे वाचवून बांधणी शिवणीची केली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.